नवऱ्याला ताप आणि पुरळ येऊन गेलं, मी गरोदरपणाच्या अकराव्या आठवड्यात. झिकाची भीती बाळगायची का?

रानजाई

नमस्कार मंडळी. इथे मी एरवी भाड्याचे करार आणि कामवाल्या मावशींचे दर एवढंच वाचायला येते, आज पहिल्यांदाच स्वतः धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो, डहाणूकरच्या बाजूला, जुनी सोसायटी आहे. मला अकरावा आठवडा लागलाय, पहिलंच बाळ. ९ दिवसांपूर्वी नवऱ्याला ताप आला, फार नाही, १०० च्या आसपास, दोन दिवसांत गेलासुद्धा. पण छातीवर पाठीवर बारीक लाल पुरळ उठलं, खाज होती, डोळे लाल झाले पण चिकटत नव्हते, आणि मनगटं नि घोटे असे धरले की सकाळी चहाचा कप दोन हातांनी उचलायचा. फॅमिली डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, सध्या सगळ्यांनाच आहे. डेंग्यूची एनएस१ (रक्ततपासणी) केली ती निगेटिव्ह, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल. आता तो एकदम ठीक आहे, फक्त सकाळी उठल्यावर पाय थोडे आखडतात.

मला काहीच नाही. ताप नाही, पुरळ नाही. उलट्या आहेत पण त्या माझ्या हक्काच्या.

झालं असं की परवा महापालिकेचे लोक आले आणि आमच्याच बिल्डिंगमधे दोन ठिकाणी अळ्या निघाल्या, सोसायटीला नोटीस लागली. वॉचमनच्या मुलीला डेंग्यू, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना डेंग्यू. त्यात मी रात्री मोबाईल घेऊन बसले आणि २०२४ ला एरंडवण्यात झिका (डासांतून पसरणारा विषाणू, पोटातल्या बाळाला बाधतो म्हणे) सापडला होता ते सगळं वाचलं. एरंडवणं म्हणजे आमच्यापासून काय लांब आहे हो, भाजी आणायला जातो आपण. आता झोप नाही.

माझी गायनॅकची अपॉइंटमेंट पुढच्या शनिवारी आहे, एनटी स्कॅनसोबत (बाळाची सुरुवातीची सोनोग्राफी). तोवर थांबू का? सासूबाई म्हणतात उगाच डोक्यात किडे घालून घेऊ नकोस, तुला काही होत नाहीये ना मग कशाला. आणि अंगाला लावायचं ओडोमॉस वगैरे या दिवसांत चालतं का? कॉइलच्या वासाने मला मळमळतं.

---

तिसरी_घंटा

रानजाई, झिकाचं मला माहीत नाही, डेंग्यूचं माहीत आहे कारण मी सातव्या महिन्यात भोगलाय, म्हणून लिहितेय. घाबरवायला नाही.

मला ताप आला तो चांगला १०३. पहिल्या दिवशी आम्ही घरीच होतो, दुसऱ्या दिवशी गेलो. ज्या हॉस्पिटलात नाव घातलं होतं (नाव लिहीत नाही, सिंहगड रोडवरचं होतं एवढंच) तिथे ड्युटीवरच्या मॅडमनी रिपोर्ट बघितला, प्लेटलेट १ लाख १५ हजार, म्हणाल्या प्रेग्नन्सीत थोड्या कमी असतातच, घरी जा पाणी प्या. एनएस१ केलीच नाही. आम्हीही विचारलं नाही, आपल्याला काय कळतंय.

पाचव्या दिवशी ताप उतरला. म्हणजे खरंच उतरला, अंग गार. आईने देवापुढे साखर ठेवली, मुगाची खिचडी टाकली, मी दोन घास खाल्ले आणि संध्याकाळी पोटात असं दुखायला लागलं की मला वाटलं कळाच सुरू झाल्या. उलट्या थांबेनात. हात पाय बर्फ. आणि दुपारपासून लघवीला गेलेच नाही हे मला दुसऱ्या हॉस्पिटलात नर्सने विचारल्यावर लक्षात आलं. तिथे प्लेटलेट ३८ हजार. पण तिथल्या डॉक्टरांचं प्लेटलेटकडे तेवढं लक्षच नव्हतं, ते दर काही तासांनी ते पीसीव्ही का काय, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते बघायचे आणि नर्स लघवी मापाने मोजून वहीत लिहायची, सलाईनचा वेग त्यावर कमी जास्त करायची. नवरा बिचारा प्लेटलेटसाठी डोनर शोधत मित्रांना फोन करत होता, आणि शेवटी एकही पिशवी लागली नाही मला.

लेक ३८ व्या आठवड्यात झाली, २ किलो ६०० ग्रॅम, आता घरभर पळते.

सांगायचं एवढंच, ताप उतरला की सुटलो असं समजू नकोस. माझा सगळा घोळ ताप गेल्यावर झाला. आणि शनिवारपर्यंत थांबू नकोस, फोन तर कर.

---

स्पष्टवक्ता_७७

झिका बिका सगळं बातम्यांचं आहे. माझ्या बायकोच्या वेळी पण असंच कोणीतरी घाबरवलं होतं. पपईच्या पानांचा रस रोज दोन चमचे, प्लेटलेट कुठे जात नाहीत. आणि एवढीच शंका असेल तर अजून दिवस गेलेच आहेत किती, रिस्क कशाला घ्यायची, मोकळं व्हायचं आणि सहा महिन्यांनी परत. स्पष्ट बोलतो, राग मानू नये.

---

तिसरी_घंटा

राग मानणार. तुमचं स्पष्ट बोलणं तुमच्यापाशी ठेवा. तिला साधा तापही आलेला नाही.

---

ओपीडी_नंबर_चार

मी स्त्रीरोग विभागात काम करते, कुठे ते सांगत नाही. इथे मी तुमची डॉक्टर नाही, तपासलेलं नाही, तेव्हा हे सल्ला म्हणून न घेता तुमच्या डॉक्टरांशी काय बोलायचं त्याची तयारी म्हणून वाचा. लांब होईल, रात्रीची ड्युटी आहे आणि सध्या वॉर्ड शांत आहे (हे मोठ्याने म्हणायचं नसतं).

आधी वरच्या सल्ल्याचं निपटवते. पपईच्या पानांचा रस गरोदरपणात नको, उगाच प्रयोग नको. आणि 'मोकळं व्हा' हे तर कुणीच कुणाला असं सांगू नये. गरोदरपणात झिकाची लागण झालीच, म्हणजे रिपोर्टने सिद्ध झाली, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे साधारण ५ ते १५ टक्के बाळांमधे त्याचे परिणाम दिसतात. म्हणजे बहुसंख्य बाळं ठीक असतात. धोका पहिल्या तीन महिन्यांत जास्त हे खरं. पण इथे अजून लागण झाली की नाही याचाच पत्ता नाही आणि तुम्ही थेट शेवटच्या पानावर गेलात.

रानजाई, तुम्ही लिहिलेल्यातली एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. सगळे तुमच्याकडे बघतायत आणि डासाकडे बघतायत. तुम्ही नवऱ्याकडे बघा.

हलका ताप, खाजरं पुरळ, पू नसलेले लाल डोळे, सांधे. हे चित्र झिकाचं असू शकतं, चिकनगुनियाचं असू शकतं, डेंग्यूचंही असू शकतं, नुसतं बघून सांगता येत नाही आणि तिन्हींचा डास एकच, एडिस. पण या तिघांत झिका एका बाबतीत वेगळा आहे. तो डासाशिवायही जातो, शरीरसंबंधातून. पुरुषाच्या वीर्यात तो ताप जाऊन बरेच आठवडे झाले तरी सापडतो. म्हणून नवऱ्याला झिका झाला असेल किंवा तशी शंका असेल आणि बायको गरोदर असेल तर नियम सरळ आहे: डिलिव्हरी होईपर्यंत कंडोम, नाहीतर संबंधच नको. रिपोर्ट यायची वाट बघायची नाही, आजपासून. हे ओपीडीत सांगताना मी बघते, नवरा भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडे बघायला लागतो आणि बायको माझ्याकडे बघत नाही. फॅमिली डॉक्टरही हे बोलत नाहीत. डासांची जाळी लावा सगळे सांगतात.

बाकी एका ताटात जेवलात, त्याचे कपडे धुतले, जवळ झोपलात याने झिका होत नाही. ते डोक्यातून काढून टाका.

आता वेळेचं. झिकाचा विषाणू आरटीपीसीआर तपासणीत रक्तात साधारण पहिल्या आठवड्यात सापडतो, लघवीत जास्त दिवस, १४ दिवसांपर्यंत. नवऱ्याचा आज नववा दिवस. म्हणजे रक्ताची गाडी बहुतेक गेली पण लघवीची अजून फलाटावर आहे. शनिवारपर्यंत थांबलात तर ती पण जाईल. म्हणून उद्या सकाळीच गायनॅकला फोन करा आणि हेच शब्द सांगा: मी अकराव्या आठवड्यात, नवऱ्याला पुरळासकट ताप येऊन ९ दिवस झाले, बिल्डिंगमधे डेंग्यू आहे, अळ्या सापडल्या आहेत. एवढं ऐकल्यावर त्या तुम्हाला शनिवारी या म्हणणार नाहीत. महापालिकेच्या आरोग्य विभागालाही कळवा, नमुने त्यांच्यामार्फत एनआयव्हीला जातात. आपण पुण्यात राहतो याचा हा एक फायदा, देशातली मुख्य विषाणू प्रयोगशाळा इथेच आहे, १९५२ पासून.

तुमची स्वतःची तपासणी करायची का, रक्त की लघवी की दोन्ही, हे त्या ठरवतील. तुम्हाला काही होत नाहीये याचा झिकाच्या बाबतीत फारसा उपयोग नाही, कारण लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, पाचातल्या एखाद्यालाच लक्षणं दिसतात. सासूबाईंचं 'तुला काही होत नाहीये ना' हे डेंग्यूला बऱ्यापैकी लागू पडतं, झिकाला नाही. आणि एक, बाहेर लॅबमधे जाऊन स्वतःच 'झिका अँटीबॉडी' करून येऊ नका. पूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल तर ती टेस्ट गोंधळ घालते, दोघे एकाच कुळातले आहेत, अँटीबॉडी एकमेकांना ओळखतात. मग तो कागद घेऊन तुम्ही रडत येता आणि आम्हाला तो निस्तरावा लागतो.

समजा पॉझिटिव्ह आलं. तर दर तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफी, बाळाच्या डोक्याचा घेर आणि मेंदू बघत राहायचं. अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या एनटी स्कॅनमधे डोकं लहान आहे का हे कळत नाही, ते बरंच नंतर, अ‍ॅनॉमली स्कॅनच्या (बाळातले दोष बघणाऱ्या सोनोग्राफीच्या) वेळी किंवा त्याच्याही पुढे कळतं. म्हणून एक स्कॅन नॉर्मल आला की विषय संपला असं नाही, आणि एनटी नॉर्मल आला म्हणून पेढेही नकोत.

तिसरी घंटा यांनी लिहिलेलं फार मोलाचं आहे. गरोदरपणात रक्त पातळ होतं, त्यामुळे पीसीव्ही मुळातच खाली असतो, आणि प्लेटलेटही थोड्या कमी असू शकतात. त्यामुळे डेंग्यू लपतो. डेंग्यूत केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि रक्त घट्ट होतं, पीसीव्ही वर जातो, पण मुळात खालून सुरुवात झाल्यामुळे तो 'नॉर्मल' दिसतो आणि कोणीतरी घरी पाठवतं. प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा ते झिरपणं जीवघेणं आहे, आणि ते नेमकं ताप उतरताना सुरू होतं, पुढचे २४ ते ४८ तास. रक्तस्राव नसेल तर आकडा खाली गेला म्हणून लगेच प्लेटलेट चढवत नाहीत.

तुम्हाला ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचं. पॅरासिटामॉल चालते. कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, व्होव्हेरान, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातलं 'अंग मोकळं करणारं' इंजेक्शन, यातलं काही नाही. एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही: बऱ्याच गरोदर बायकांना हल्ली बीपीचा धोका म्हणून इकोस्प्रिन दिलेली असते. ती अ‍ॅस्पिरिनच आहे. तुम्हाला चालू असेल आणि ताप आला तर पहिलं वाक्य तेच सांगा, पण मनाने बंद करू नका.

आणि हो, ओडोमॉस चालतं, डीट असलेली मलमंही चालतात, डब्यावर लिहिल्याप्रमाणे लावायची. उघड्या अंगाला लावा, कपड्यांच्या आतून नको. कॉइल बंद खोलीत नकोच, मळमळत असो वा नसो.

---

जिन्याखालचा

मॅडम ती रक्ताची गाडी लघवीचा फलाट काय उपमा आहे. दंडवत.

---

रानजाई

मॅडम खूप खूप आभार. तिसरी घंटा तुझेही, वाचताना पोटात गोळा आला.

ते कंडोमचं खरंच आम्हाला कोणी म्हणजे कोणीही सांगितलं नव्हतं. मी नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला पण मी बरा झालोय की. मी म्हटलं तू बरा झालायस, तुझं बाकीचं झालंय का ते कुठे माहितीये. मग गप्प बसला. सासूबाई बाहेरच्या खोलीत मालिका बघत होत्या, त्यांना कसं समजावणार हा वेगळा धागा काढावा लागेल.

सकाळी फोन करते.

---

निवृत्त_आरोग्यसेवक

ताईंनी वरती औषधपाण्याचं सगळं लिहिलंय, त्यात मला बोलायचं नाही. माझी नोकरी सगळी हिवताप विभागात गेली, खेड्यापाड्यांतून रांजण ओतत फिरलो. बेलसरला २०२१ ला राज्यातला पहिला झिका सापडला, पुरंदर तालुक्यात, तेव्हा मी निवृत्त होतो पण आमची पोरं तिथे घरोघर फिरत होती, गरोदर बायकांच्या याद्या करत होती, सगळं कळायचं फोनवर. गावातल्या लोकांना वाटायचं हे परदेशातलं दुखणं, आपल्या बेलसरात कुठून आलं. अहो हे दुखणं १९४७ ला युगांडाच्या झिका नावाच्या जंगलात एका माकडात सापडलेलं, ब्राझील फिरून अहमदाबाद जयपूर करत आलं, त्याला बेलसर काय आणि कोथरूड काय. आमचे साहेब सांगायचे की १९७३ ला बार्शीला चिकनगुनियाची साथ आली आणि मग तो असा गडप झाला की नव्या डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात वाचला, आणि २००५-०६ ला परत आला तेव्हा माणसं वाकून चालायला लागली. डासाला घाई नसते, अंडी कोरडी पडली तरी महिनोनमहिने जगतात, पाणी लागलं की उठतात.

रानजाईबाई, तुमच्या घराचं बघा. नोटीस सोसायटीला लागली म्हणजे अळ्या गच्चीवर नि पार्किंगमधे असतील, पण हा डास शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही, घरातच जन्मतो घरातच चावतो. दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी जास्त, घोट्यापाशी, टेबलाखाली. तेव्हा रात्रीची मच्छरदाणी लावून निर्धास्त होऊ नका, दुपारी आडव्या पडाल तेव्हा पण लावा.

अळी कशी ओळखायची ते सांगतो. पांढऱ्या कपात ते पाणी घ्या आणि उजेडाकडे धरा. एडिसची अळी पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला शेपटाने लटकते, डोकं खाली, तिरकी. हिवतापाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी सपाट पडलेली असते. कपाला टिचकी मारली की एडिसची अळी सापासारखी वळवळत थेट तळाला जाते आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला परत वर येते. स्वल्पविरामासारखा गुबगुबीत जीव दिसला तर तो कोष, एक-दोन दिवसात डास होणार.

कुठे बघायचं? टाकी बादली सगळे बघतात. फ्रीजच्या मागे खाली ट्रे असतो, पाणी साचतं, तो उपसून बघा. मनी प्लांटची बाटली. कुंडीखालच्या ताटल्या. कधीच न वापरलेल्या दुसऱ्या बाथरूमचा फ्लश आणि कमोड, हे तर हमखास. एसीची नळी ज्या डब्यात सोडली तो डबा. गॅलरीत भंगारवाल्यासाठी ठेवलेल्या नारळाच्या करवंट्या.

आणि नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, डोळ्याला काजळी लागल्यासारखी वाटतात. घासणीने घासायचं, उन्हात पालथं घालायचं. आठवड्यातून एकदा, वार ठरवून, कारण अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आपण सातव्या दिवशी त्याचं घर मोडायचं. धुरळणीचा धूर निघाला की सोसायटीवाले टाळ्या वाजवतात, धुराने उडते डास मरतात, अळ्या नाही.

हे काम तुम्ही स्वतः वाकून करू नका. नवरा बरा झालाय ना, त्याला लावा.

---

आठव्या_दिवसाचा_बाबा

माझं थोडं वेगळं आहे पण चिकनगुनियाचं नाव निघालं म्हणून लिहितो, कारण नवऱ्याचे सांधे धरलेत म्हणताय ते मला ओळखीचं वाटलं.

बायकोला डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी ताप आला, खराडीला राहायचो तेव्हा. सगळे म्हणाले कळांमुळे असेल. मुलगा झाला, रडला, दूध प्यायला, सगळं छान. चौथ्या दिवशी त्याला ताप, दूध ओढेना, हात पाय धरले की किंचाळायचा, उचललं की जास्त रडायचा, आम्हाला वाटायचं गॅस झालाय. नंतर नाकाच्या शेंड्यावर काळपट डाग आला, तो बघून बालरोगतज्ज्ञांनी विचारलं आईला चिकनगुनिया झालाय का. तोवर आम्हाला हे माहीतच नव्हतं की आईच्या रक्तात विषाणू जोरात असताना बाळंतपण झालं तर निम्म्या बाळांना तो मिळतो. सिझेरियन केलं असतं तर वाचला असता का असं मी दहा वेळा विचारलं, तर नाही म्हणाले, त्याने फरक पडत नाही. १२ दिवस एनआयसीयूमधे (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होता. आता तीन वर्षांचा आहे, ठीक आहे, पण त्याची तपासणी चालू असते.

म्हणजे चिकनगुनियाचं गणित झिकाच्या उलटं आहे. झिकाची भीती सुरुवातीला जास्त, चिकनगुनियाची अगदी शेवटी. तुमच्याकडे अजून सहा महिने आहेत, ती शेवटची वेळ सांभाळा. डिलिव्हरीच्या आसपास ताप आला तर लपवू नका, बाळाच्या डॉक्टरांना आधी सांगा.

---

ओपीडी_नंबर_चार

आठव्या दिवसाचा बाबा, बरोबर लिहिलंत. डेंग्यूतही बाळंतपणाच्या सुमारास आई तापात असेल तर बाळावर काही दिवस लक्ष ठेवावं लागतं, आणि आईला रक्तस्रावाची भीती असते, म्हणून शक्य असेल तर आम्ही प्रसूती थोडी पुढे ढकलायला बघतो. आईचं दूध मात्र तिन्हींत चालू ठेवायचं. ते बंद करायला सांगणारी एक तरी आत्या प्रत्येक वॉर्डात असते.

---

स्पष्टवक्ता_७७

ठीक आहे, पपईचं मागे घेतो. दुसरंही मागे घेतो.

---

जिन्याखालचा

नोंद घ्या मंडळी, पुण्यात माणसाने शब्द मागे घेतला.

---

रानजाई

अपडेट द्यायचा राहिला, सॉरी. आठ दिवस डोकं ठिकाणावर नव्हतं.

मॅडमनी सांगितलेली वाक्यं मी शब्दशः फोनवर वाचली आणि गायनॅकनी खरंच त्याच दिवशी बोलावलं, दोघांना. नवऱ्याची लघवी आणि रक्त, माझंही रक्त आणि लघवी, नमुने महापालिकेच्या मार्फत गेले. त्याच्या लघवीच्या डबीवर नाव लिहिताना तिथल्या ताई म्हणाल्या, नवरा स्वतःहून आलेला आज पहिलाच. त्याने कॉलर ताठ केली.

त्याची झिका निगेटिव्ह. चिकनगुनियाची आयजीएम (हल्लीची लागण दाखवणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह. म्हणजे आठव्या दिवसाचा बाबा, तुमचा अंदाज बरोबर निघाला, ते कप दोन हातांनी उचलणं त्याचंच होतं. माझं सध्या सगळं निगेटिव्ह. तरीही गायनॅक म्हणाल्या की दहाव्या दिवशीच्या लघवीत सापडला नाही म्हणजे नव्हताच असं छातीठोक नको, कंडोम चालू ठेवा, आणि मला जरा जरी ताप आला तर त्याच दिवशी. एनटी स्कॅन झाला. पेढे आणले नाहीत. बाळ हात हलवत होतं.

काका, तुमचं ऐकून रविवारी घर उलटं केलं. फ्रीजचा ट्रे कोरडा. फ्लश आम्ही वापरतो तो ठीक. मी खुर्चीवर बसून नुसती हुकूम सोडत होते. शेवटी देवघराशेजारच्या कोपऱ्यात सासूबाईंनी तांब्याच्या कळशीत विड्याच्या वेलीची फांदी लावली होती मुळं फुटायला, वरून झाकलेली पानांनी, त्यातलं पाणी पांढऱ्या कपात काढलं. टिचकी मारली. सात होत्या. सासूबाई वाकून कपात बघत बसल्या पाच मिनिटं, काही बोलल्या नाहीत, मग स्वतःच कळशी घेऊन गेल्या आणि चिंचेने अशी घासली की तोंड दिसेल. आता दर रविवारी सकाळी त्याच कप घेऊन फिरतात, काल शेजारच्या काकूंच्या गॅलरीतही जाऊन आल्या.

एकच प्रश्न राहिलाय. आमच्या खिडकीसमोर गणपतीचा मांडव पडलाय, वरच्या ताडपत्रीत पावसाचं पाणी साठून मोठा फुगा लोंबतोय. मंडळाच्या मुलांना सांगितलं तर ते म्हणाले वहिनी बांबूने ढोसून काढतो. चालेल ना?

---

निवृत्त_आरोग्यसेवक

चालेल. फक्त खाली पिंप धरू देऊ नका त्यांना, कोणीतरी हुशार असतो, पाणी वाया जातं म्हणून पिंपात धरतो आणि मांडवामागे ठेवून देतो. रस्त्यावर पडू द्या, उन्हात. आणि दर दोन दिवसांनी ढोसायला लावा, विसर्जनापर्यंत.